रविवारच्या प्रार्थनेएवढं अंतर

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज सुट्टीची दुपार, तरी बागेत गेले नाही. अक्सेनियाचा फोन आला होता. आई अंगणात पडली. कोंबड्यांना दाणे टाकायला गेली होती. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी छाती तपासली आणि सेराफिमला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय आता नुसतं सवयीनं चालतंय. नाताळपर्यंत काढेल असं त्यांना वाटत नाही.

सेराफिम माझा धाकटा भाऊ, अक्सेनिया त्याची बायको. आई त्यांच्याकडे राहते. खरं म्हणजे ते आईकडे राहतात. घर आईचं आहे आणि दिवसातून एकदा तरी ती ते बोलून दाखवते.

फोन ठेवला आणि विमानं बघितली. बघायची गरज नव्हती. इथून, बोलोन्याहून, आमच्याकडच्या किशिनाऊला मंगळवारी आणि शनिवारी जातं, दोन तास दहा मिनिटं लागतात. एखाद्याला आपला रक्तगट पाठ असावा तसं मला हे पाठ आहे. आकाशातून चौदाशे किलोमीटर. रस्त्यानं त्याहून बरंच जास्त, कारण रस्त्याला डोंगर आणि चार सरहद्दी लागतात. इथे कामाला आलेल्या आमच्या बायकांची पार्सलं नेणारी गाडी त्याला दोन दिवस घेते.

ओत्तोरिनो, मी ज्यांना सांभाळते ते, स्वयंपाकघरात आपल्या चाकाच्या खुर्चीत होते. म्हणाले, "रोझा, का रडतेस?"

"कांदा चिरतेय."

"कांदा कुठाय?"

कांदा खरंच नव्हता. मग एक चिरला.

इथे मला सगळे रोझा म्हणतात. माझं नाव फ्रोसा आहे, पण पहिल्याच दिवशी त्यांची मुलगी मिरेल्ला म्हणाली की बाबांना ते लक्षात राहणार नाही. बाबांना आता रोझाही अधूनमधून लक्षात राहत नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

मिरेल्ला आली होती. ओत्तोरिनोंची एकुलती मुलगी. तीन गल्ल्या सोडून राहते. तिला सगळं सांगितलं आणि मंगळवारी जाऊ का विचारलं.

"मंगळवारी?" ती म्हणाली. "बाबांना कोण उचलणार? माझी कंबर तुला माहीत आहे, रोझा."

"माझी मैत्रीण रायसा येईल. पण ती शनिवारपासून मोकळी आहे."

"मग शनिवारीच जा की. चार दिवसांनी काय होतंय?" मग पर्स उघडून काहीतरी शोधल्यासारखं करत म्हणाली, "राग मानू नकोस हं. तुझ्याआधी जी बाई होती ना, तिची आई तीन वर्षांत दोनदा वारली."

"माझी एकदाच वारणार आहे," मी म्हटलं. "म्हणून तर जायचंय."

ती लाल झाली. वाईट बाई नाही. जाताना मला मिठी मारली आणि शनिवारचं तिकीट स्वतःच्या फोनवरून काढून दिलं. ते काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आता मंगळवारचा विषय संपला.

ओत्तोरिनो दुपारी म्हणाले, "कुठे निघालीस?"

"घरी. आई आजारी आहे."

"किती लांब?"

"दोन तास."

"मग जवळच की! माझी मुलगी तीन गल्ल्या पलीकडे राहते, तिला यायला दोन आठवडे लागतात."

शनिवार, ९ नोव्हेंबर

ओत्तोरिनो झोपलेत. हे लिहून ठेवते, कारण दोन दिवस दुसरं काही डोक्यात नाही.

आमच्याकडे माणूस जाताना त्याच्या हातात पेटती मेणबत्ती देतात. त्याला स्वतःला धरवत नाही, म्हणून घरच्यांपैकी कुणीतरी वरून आपल्या हातानं ती धरून ठेवतं. पुढचा रस्ता अंधाराचा आहे म्हणतात. जो उजेडाशिवाय गेला तो तिकडे चाचपडत फिरतो. गावात कुणाबद्दल सगळ्यात वाईट काय सांगता येतं, तर तो मेणबत्तीवाचून मेला.

तिमोफेई तसा गेला. माझा नवरा. मॉस्कोजवळ एका इमारतीवर कामाला होता, कामगारांना वर नेणारा पाळणा तुटला. त्याला लाकडी पेटीत आणलं, झाकण उघडू दिलं नाही. त्या दिवशी आईनंच घरातल्या आरशावर टॉवेल टाकला आणि मला खुर्चीत बसवलं. सेराफिम तेव्हा कोवळा पोरगा होता, पण मयताच्या घरच्या पुरुषासारखा चाळीस दिवस दाढी न करता, उघड्या डोक्यानं फिरला. जानेवारी होता. त्याचे कान सुजले तेव्हा आई म्हणाली, "टोपी घाल आता, तिमोफेई बघत नाहीये. त्याला कुठे दिसतंय." मग तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबून रडली, कारण ते खरंच होतं.

तेव्हापासून दर ईस्टरच्या आठवड्यात मी त्याच्या नावानं मेणबत्त्या वाटते. त्यातली एखादी तरी त्याच्यापर्यंत पोचते का, कुणाला ठाऊक. मी पुष्कळ वाचते. मिरेल्लाची शाळेची सगळी पुस्तकं या घराच्या माळ्यावर होती, ती मी एकेक करून वाचली. भूगोल दोनदा, कारण नकाशे होते. शरीराचं पुस्तक वाचलं, त्यात मेल्यावर काय होतं ते दीड पानात आहे. ते मला पटलं. आणि मेणबत्त्याही मी वाटतेच.

आईनं मला फार पूर्वीच सांगून ठेवलंय: माझी मेणबत्ती तू धरायचीस.

रविवार, १० नोव्हेंबर

आईशी बोलले. अक्सेनियानं फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला होता. चित्र सारखं हलत होतं, कारण अक्सेनियाचे हात कापतात, लग्नाच्या आधीपासून. आईला मी दिसत नव्हतेच. तिला मोतीबिंदूमुळे आता नुसता धूर दिसतो.

"फ्रोसा, जेवलीस का?"

"जेवले, आई."

"काय? ती पिठाची दोरी?"

"हो, पास्ताच. तुझं कसं आहे?"

"माझं काय व्हायचंय. मरणासाठी ठेवलेली पेटी काढून बघितली. कपडे आहेत, टॉवेल आहेत, पायमोजेसुद्धा नवे आहेत. फक्त त्या ब्लाउजचं बटण तुटलंय, ते हिला सांगितलंय लावायला. हिनं लावलं तर तिरकंच लावणार."

"आई, मी इथेच आहे," अक्सेनियाचा आवाज आला.

"माहीत आहे गं इथेच आहेस. हलतेयस ना. फ्रोसा, तू धर हं मेणबत्ती. हिच्या हातात दिलीस तर माझा रुमाल पेटेल, आणि मग सगळं गाव म्हणेल म्हातारी जिवंतपणीच नरकात गेली."

मागे सेराफिम हसला. अक्सेनिया हसली की नाही ते कळलं नाही, फोन तिच्याच हातात होता.

"मी शनिवारी येतेय, आई. विमानानं."

"किती वेळ लागतो विमानाला?"

"दोन तास. थोडं वर."

आईनं विचार केला. "म्हणजे रविवारच्या प्रार्थनेएवढं. फादर साव्वांना खोकला असला तर प्रार्थनाच लांब." मग बराच वेळ श्वास घेत राहिली. "इतकं जवळ होतं तर वर्षातून एकदाच का यायचीस गं?"

मी सांगितलं की रेंज गेली, ऐकू येत नाहीये.

दुपारी बागेत गेले. आमच्या बायका तिथेच असतात, गाड्याही तिथेच उभ्या राहतात, तेलाचे डबे आणि कॉफीची खोकी चढवत. रायसानं सूर्यफुलाच्या बिया सोलून माझ्या हातावर ठेवल्या. ती आमच्या शेजारच्या गावची, इथे एका बाईला सांभाळते. तिची मेणबत्ती माझ्याकडे सांगून ठेवलेली आहे आणि माझी तिच्याकडे. परदेशात एकट्या राहणाऱ्या आम्ही सगळ्याच अशी जोडी लावतो. मेणबत्ती पिशवीच्या तळाशी असते, पासपोर्टशेजारी.

"गाडीत बसून आत्ताच जा," रायसा म्हणाली. "मंगळवारी सकाळी पोचशील."

"आणि ओत्तोरिनो?"

"पडून राहतील दोन दिवस. त्यांच्या पोरीला कंबर आहे, तसं चेकबुकही आहे."

"तू गेली असतीस?"

ती बिया चघळत राहिली. तिची आई गेली तेव्हा ती इथेच होती. "मला विचारू नकोस," म्हणाली. "मी सांगते ते कर, मी केलं ते नको."

गाडी चारला निघाली. मी तीत नव्हते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आमच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीतून विमानं चढताना दिसतात. अकराच्या सुमाराला ओत्तोरिनोंना ऊन खायला बाल्कनीत आणलं. हवा स्वच्छ होती. विमान समोरच्या इमारतींवरून वर आलं आणि पूर्वेला वळलं. त्याचा रंग ओळखीचा आहे.

"ते तुझं," ओत्तोरिनो म्हणाले.

"हो."

"मग तू इथे काय करतेस?"

मी त्यांच्या मांडीवरचं पांघरूण नीट केलं. ते बस चालवायचे, चाळीस वर्षं. पुन्हा म्हणाले, "ड्रायव्हरनं थांबायला हवं होतं. मी नेहमी थांबायचो. बाई धावत येताना दिसली की थांबायचो."

"मी धावत नव्हते, ओत्तोरिनो."

भूगोलाच्या पुस्तकात म्हटलंय की नकाशावर दोन गावांमध्ये पट्टीनं सरळ रेघ ओढली तर ती खरी जवळची वाट नसते, कारण पृथ्वी गोल आहे. मला ते आज पहिल्यांदा नीट कळल्यासारखं वाटलं. विमान खरंच थोडं उत्तरेकडून गेलं.

संध्याकाळी घरी फोन केला. आई दूध प्यायली. बटण लावलं का विचारत होती. लावलं. तिरकंच लागलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज पहाटेपासून सगळं उलटं. ओत्तोरिनोंनी अंथरूण भिजवलं होतं. त्यांना न्हाणीत बसवलं आणि साबण लावला तेवढ्यात फोन वाजायला लागला, स्वयंपाकघरात. ओलं माणूस सोडून जाता येत नाही, घसरतात. वाजून वाजून थांबला. परत वाजला. ओत्तोरिनो ओरडले, "उचल गं कुणीतरी!" मी म्हटलं, "कुणीतरी म्हणजे मीच आहे, आणि मी तुम्हाला धरलंय."

त्यांना पुसून, कपडे घालून, खुर्चीत बसवून मग बघितलं. अक्सेनिया होती. लगेच लावला तर तिनं उचलला नाही. तीन-चारदा लावला. शेवटी उचलला तेव्हा इकडे कॉफी झाली होती.

"काय झालं? आई?"

"काही नाही, ताई." आवाज बसलेला होता. "आईंना तुमचा आवाज ऐकायचा होता. म्हणून लावला."

"मग दे ना."

"आता झोपल्या."

"कशी आहे?"

"शांत आहेत. आता त्रास नाहीये. खरंच नाही. तुम्ही या शनिवारी."

"तुला सर्दी झालीय का?"

"हो, थोडी."

त्रास नाही म्हटल्यावर माझा जीव खाली आला. रविवारी तिचा श्वास ऐकवत नव्हता. दिवसभर कामं चांगली झाली. ओत्तोरिनोंना सूप भरवलं, सगळं संपवलं त्यांनी. म्हणाले, "आज तू गातेयस." मी गात नव्हते, पण गुणगुणत असेन.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

दुपारी व्हिडिओ लावला. अक्सेनियानं उचलला तो स्वयंपाकघरात. हात कोपरापर्यंत पिठात. मागे दोन-तीन बायका होत्या, शेजारची अनिसियासुद्धा, तीही पीठ मळत होती. गोल पावांची एक रांग टेबलावर फुगत ठेवलेली. मला बघून सगळ्या एकदम गप्प झाल्या.

"एवढे पाव कशाला?"

अक्सेनियानं अनिसियाकडे बघितलं. अनिसिया म्हणाली, "फादर साव्वा येणारेत ना, तेल लावून प्रार्थना करायला. आजाऱ्यासाठी. मग माणसं येणार, त्यांना काही द्यायला नको?"

बरोबर आहे. आजाऱ्याला तेल लावतात तेव्हा गाव जमतंच. बरं वाटलं की माझी वाट न बघता त्यांनी सगळं मनावर घेतलंय. अक्सेनियाच्या उजव्या हाताला, अंगठ्याशी, चिंधी बांधलेली होती. मी विचारलं. भट्टीनं भाजलं म्हणाली. चिंधी बांधलेल्या हातानं पीठ मळू नये हे तिला वीस वर्षांत कळलं नाही. मी तसं बोललेही. ती नुसती "हो ताई" म्हणाली.

बोलताना तिच्या तोंडातून वाफ येत होती. म्हटलं, "घर इतकं गार कसं? आजारी माणूस आहे घरात, शेगडी का नाही पेटवली?"

"धूर परत आत येतोय. सेराफिम धुराडं साफ करणारेत."

"आईच्या खोलीतही नाही?"

"आईंना थंडी वाजत नाहीये, ताई."

फोन वळला तेव्हा ओट्यामागचा आरसा दिसला. त्यावर टॉवेल होता, आईनं विणलेला, लाल कोंबड्यांचा. विचारलं, "आरशाला काय झालं?"

"तडकलाय," अक्सेनिया म्हणाली.

तडकलेल्या आरशात बघणं वाईटच, झाकलेलाच बरा. अनिसिया डोळे पुसत होती. कांदा असणार.

आईला दाखव म्हटलं. झोपल्यात, दार लोटलंय, म्हणाली. आई हल्ली फार झोपते. झोपू दे. माणसाला अखेरीस झोप मिळते ही देवाची कृपाच आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

पिशवी भरली. छोटीच न्यायची परवानगी आहे. आईसाठी लोकरीचे मोजे, मऊ बिस्किटं, सेराफिमला दाढीचं सामान. काळा रुमाल घेतला. तिकडे थंडी असते आणि तो माझा सगळ्यात जाड रुमाल आहे.

मेणबत्ती वर काढून ठेवली, हाताशी. आईच्या पेटीत तिची मेणबत्ती असणार, पण ती शोधण्यात वेळ जाऊ नये.

संध्याकाळी सेराफिमचा फोन आला, अंगणातून. हा माणूस कधी स्वतःहून फोन करत नाही. उद्या विमानतळावर घ्यायला येतो म्हणाला. दाढी वाढलेली, डोकं उघडं, मागे हिम भुरभुरत होतं.

"टोपी कुठाय तुझी?"

"गाडीत राहिली."

"मग आण जा. या वयात कान सुजवून घेणार आहेस का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे फोनकडे. वाटलं काही बोलणार. पण आत कुणीतरी त्याला हाक मारली. घरात बरीच माणसं दिसली.

"आई कशी आहे रे?"

"थांबलीय," तो म्हणाला. "तुझ्यासाठी थांबलीय, ताई."

रायसा आली. ती उद्यापासून ओत्तोरिनोंकडे राहणार. तिला औषधं दाखवली आणि बोलता बोलता अक्सेनियाचा हात, पाव, धुराडं हेही सांगितलं, घरात बाई असून कसा गोंधळ असतो म्हणून. रायसा ऐकत होती. मग उठून तिनं माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं, उगाचच, आणि बराच वेळ सोडलं नाही.

"काय गं?"

"काही नाही. जा तू," म्हणाली. "नीट जा."

ओत्तोरिनोंना निरोप दिला. त्यांनी विचारलं, "किती लांब?" दोन तास म्हटलं. "मग संध्याकाळच्या सूपला येशील," म्हणाले.

शनिवार, १६ नोव्हेंबर. विमानात

तपासणीला पिशवीतून मेणबत्ती निघाली. तिथला तरुण हसला, "वाढदिवस आहे वाटतं?" मी हो म्हटलं.

आई म्हणाली तसं हे अंतर प्रार्थनेनं मोजत बसलेय. चाकं सुटली तेव्हा फादर साव्वा पडद्यामागून बाहेर आले. आता वाचन झालं असेल. खाली समुद्राची चिंचोळी पट्टी गेली, मग डोंगर, हिमाचे. हंगेरीवर बहुतेक प्रार्थनेतली मोठी मिरवणूक, सगळे उभे. आई नेहमी तिथे माझ्या कानात सांगायची की पाय दुखतात. शेजारी एक मुलगी कानात गाणी घालून झोपलीय. बाकी सगळ्या आमच्याच बायका. गुडघ्यावर पिशव्या, गप्प. घरी जाणाऱ्या विमानात जास्त बोलत नाहीत.

मी मेणबत्ती हातात धरून बघितली, कशी धरावी लागेल ते. आईचा हात आत, माझा वरून. सोपं आहे.

आता क्रूसाचं चुंबन घ्यायची वेळ, म्हणजे संपत आलं. विमान फिरतंय. पुन्हा फिरतंय. खाली नुसतं पांढरं.

त्यांनी सांगितलं. किशिनाऊला धुकं आहे, उतरता येत नाही. याशला नेतायत, रुमानियात.

तोच दिवस. बसमध्ये

सरहद्दीच्या नदीपाशी बस उभी आहे. पुढे गाड्याच गाड्या. विमानाला लागला त्याहून जास्त वेळ इथे गेलाय आणि अंधार पडतोय.

सेराफिमला फोन केला. तो किशिनाऊहून उलटा निघालाय, वाटेत भेटेल. मग अक्सेनियाला केला. मागे माणसांचे पुष्कळ आवाज होते आणि कुणीतरी एका सुरात वाचत होतं. मला ते वाचन ओळखू आलं. फोनवर आवाज बदलतात, कधी काहीच्या काही ऐकू येतं.

"अक्सेनिया, तिला सांग मी नदीपाशी आलेय. फक्त नदी ओलांडायची आहे. तिला सांगशील?"

"सांगते, ताई."

"आत्ता सांग. मी थांबते."

पावलं ऐकू आली. दार. मग तिचा आवाज, लांबून, हळू: "आई, फ्रोसाताई नदीपाशी आल्यात."

मी उत्तराची वाट बघितली.

"ऐकलं त्यांनी," अक्सेनिया म्हणाली. "घाई करू नका. त्या कुठे जात नाहीत."

मी काळा रुमाल काढून डोक्याला बांधलाय. बसमध्ये थंडी आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर. घरी

फाटकाला काळं फडकं बांधलेलं होतं. गाडीचा दिवा त्यावर पडला तेव्हा सेराफिमनं स्टीअरिंगवर डोकं ठेवलं. मला वाटतं मी त्याला म्हटलं, चल, आत चल.

आई मोठ्या खोलीत होती. बुधवारपासून. बटण तिरकं होतं.

फादर साव्वा एरवी रविवारी माती देत नाहीत, पण त्यांनी दिली. काल दुपारी. गाव आलं होतं. पाव वाटले. मी कुणाशी काही बोलले नाही. अक्सेनियाशी तर नाहीच. शनिवारी रात्री खोलीच्या दारात मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तू मला फसवलंस. चार दिवस." ती म्हणाली, "हो ताई." एवढंच. आणि पाण्याचं भांडं माझ्यापुढे ठेवून गेली.

तिमोफेईपाठोपाठ आईही उजेडावाचून गेली असंच मी दोन दिवस धरून चालले होते. विचारायची हिंमत नव्हती. विचारलं नाही तोवर ते पुरतं खरं होत नाही.

आज सकाळी सगळे गेल्यावर अक्सेनिया भांडी घासत होती. चिंधी ओली झाली म्हणून तिनं ती सोडली. अंगठ्यापासून मनगटापर्यंत सोललेलं होतं, पाण्यानं पांढरं पडलेलं. भट्टीनं असं भाजत नाही. भट्टीनं पट्टा उठतो. हे वरून खाली ओघळलेलं होतं.

मी म्हटलं, "कशानं भाजलं ते सांग."

ती तशीच पाठमोरी राहिली. म्हणाली, "मेणानं."

मग सांगितलं. मी तिला मध्ये थांबवलं नाही.

"बुधवारी उजाडताना श्वास अडकायला लागला. हे गाडी घेऊन डॉक्टरांकडे पळाले. मी एकटीच होते. तुम्हाला फोन लावला. वाटलं, त्यांच्या कानाशी धरते. दोनदा लावला. मग वेळच राहिला नाही, ताई. त्या विचारत होत्या, फ्रोसा किती लांब आहे? फ्रोसा किती लांब आहे? मी म्हटलं, आली. फाटकाशी आली. परत विचारलं. मग मी म्हटलं, घरात आली, ही बघा. मेणबत्ती पेटवून त्यांच्या हातात दिली आणि वरून माझा हात धरला. त्यांना दिसत नव्हतंच. दोन्ही हातांनी धरला, म्हणजे हलू नये. हलला असता तर त्यांना कळलं असतं कोण आहे."

नळ चालू होता, तो मी बंद केला.

"बराच वेळ लागला. मेण यायला लागलं, पण सोडता येईना. त्या म्हणाल्या, तुझे हात गार आहेत, फ्रोसा, बाहेर थंडी आहे का? मी म्हटलं, हो आई, बाहेर थंडी आहे. मग काही बोलल्या नाहीत."

ती वळली. "त्यांना सांगितलं तुम्ही आलात. मग तुम्हाला कसं सांगणार की त्या गेल्या? तिथे तुमच्याजवळ कोण होतं? विमानात कोण होतं?"

फळीवर हंसाच्या चरबीची बाटली असते, आईची, भाजल्याला लावायची. ती काढली. अक्सेनियाला खुर्चीत बसवलं आणि तिचा हात माझ्या मांडीवर घेतला. तो कापत होता, नेहमीसारखा. बोटानं चरबी लावायला लागले तशी ती दचकली.

"दुखलं?"

"नाही," ती म्हणाली. "तुमचे हात किती गार आहेत, ताई."

मी म्हटलं, बाहेर थंडी आहे.